रतनसिंगनं बसवलेला इंटरकूलर

हिंगोलीच्या एसटी डेपोसमोर जिथं काळ्या-पिवळ्या जीपा लागतात, तिथं एप्रिलातल्या एका सोमवारी सकाळी अकरा वाजता उत्तमसिंगनं आपल्या सख्ख्या मेहुण्याला चोर म्हटलं. हळू नाही म्हटलं. जीपच्या पायदानावर उभं राहून, एका हातानं टपाचा दांडा धरून, औंढ्याच्या सवाऱ्यांना हाका मारतात त्या आवाजात म्हटलं. ‘‘माझ्या गाडीचा नवा टर्बो काढून ह्या चोरानं जुना भंगार बसवला! बहिणीच्या घरात हात घालायला लाज वाटली न्हाई!’’

तो मेहुणा, गॅरेजवाला रतनसिंग, जीपच्या मागं चार पावलांवर उभा होता, हातात चहाचा ग्लास घेऊन. वीस-पंचवीस ड्रायव्हर होते, पानवाला होता, सवाऱ्या होत्या, आणि त्या गर्दीतल्या निम्म्याहून जास्त गाड्या रतनसिंगच्या हाताखालून गेलेल्या होत्या. त्याच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. त्यानं चहाचा ग्लास पानवाल्याच्या फळीवर आपटला. बावीस वर्षं या गावात पाने हातात धरले, कुणाचा एक नट कमी केला नाही, आणि हा बाबा सरळ टर्बो चोरला म्हणतो! तोवर उत्तमसिंगनं जीप चालूसुद्धा केली आणि काळा धूर सोडत निघून गेला.

आता हे प्रकरण मुळात काय, ते सांगायला पाहिजे, कारण स्टँडवर ज्यानं त्यानं त्याला आपापलं शेपूट लावलं होतं.

उत्तमसिंग हा रतनसिंगच्या थोरल्या बहिणीचा, मिराबाईचा नवरा. म्हणजे रतनसिंगचे दाजी. दोन वर्षांमागं त्यांनी टर्बोची जीप घेतली. चांगली गाडी होती. पण चांगली गाडी चांगली राहू दिली तर ते दाजी कसले! नांदेडला जाऊन कुणाकडून तरी डिझेलचा पंप उघडून घेतला, टर्बोचा दाब वाढवून घेतला. गाडी अशी पळायला लागली की वसमतपर्यंत कुणाला पुढं जाऊ देईना. अठरा माणसं आत, चार टपावर, आणि दाजी एका हातानं स्टेअरिंग धरून मिशीवर ताव देणार. पण औंढ्याच्या चढाला लागली की अर्ध्यात तिचा दम जायचा.

रतनसिंगनं तेव्हाच सांगितलं होतं. टर्बो काय करतो, हवा दाबून इंजिनात कोंबतो. दाबली की हवा तापते. सायकलीत हवा भरताना पंपाचं बूड हाताला चटका देतं, तसंच. तापलेली हवा इंजिनाला पुरत नाही, म्हणून मधे एक ॲल्युमिनियमची जाळी असते. वाऱ्यावर ती हवा गार करायची आणि मग आत सोडायची. तिला इंटरकूलर म्हणतात. कंपनीनं बॉनेटखाली बसवलेला इंटरकूलर होता वहीएवढा. कंपनीच्या दाबाला तो पुरत होता, दाजींच्या हौसेला कसा पुरणार?

‘‘मंग मोठा बसव की,’’ दाजी म्हणाले होते.

बसवला. आणि कसा बसवला! नांदेडच्या भंगार बाजारात दोन दिवस हिंडून एका लॉरीचा इंटरकूलर शोधला. तो जीपला होईना, म्हणून दोन्ही बाजूंनी कापला, आर्गनचं वेल्डिंग करून नव्यानं टाक्या जोडून घेतल्या. गॅरेजमागच्या गुरांच्या हौदात बुडवून, आत हवा भरून, पंक्चरवाला ट्यूब बघतो तसा बोट-बोट बघितला, कुठं बुडबुडा येतो का म्हणून. दोन ठिकाणी आला तर पुन्हा नांदेडला नेला. मग पुढचा बंपर कापून, रेडिएटरच्या समोर, वारा थेट लागेल असा बसवला. आठ दिवस दुसरं काम घेतलं नाही. शेवटी औंढ्याचा चढ अठरा माणसं घेऊन तिसऱ्या गिअरमधे चढवून दाखवला, तेव्हा दाजींनी स्टँडवर सगळ्यांना चहा पाजला होता. हेच ते स्टँड, आणि हेच ते दाजी.

महिना झाला नाही तोच तक्रार आली. गाडी तापते. ओढत नाही. काळा धूर टाकते. रतनसिंगनं गाडी बघितली, एकेक होज पाइप हातानं चाचपला, एकेक क्लिप आवळली, आणि स्वतः चढापर्यंत चालवून आणली. गाडी बाण! दाजींच्या हातात दिली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच रडगाणं. पुन्हा गॅरेजला आली, पुन्हा रतनसिंगनं चालवली, पुन्हा बाण. तिसऱ्या खेपेला रतनसिंगचं डोकं फिरलं. ‘‘दाजी, गाडीत खोट न्हाई. खोट चालवणाऱ्यात हाय.’’

हे बोलायला नको होतं. बायकोचा धाकटा भाऊ, काल-परवा नाक पुसायला शिकलेला, तो आपल्याला गाडी चालवायला शिकवतो! दाजी फणफणत नांदेडला गेले. तिथंही गाडीत काही सापडलं नाही. पण तिथल्या कुणा शहाण्यानं आपला शहाणपणा दाखवायला म्हणून टर्बोकडं बोट करून म्हटलं, हा बदललेला दिसतो बुवा. झालं. दाजींना पाहिजे होतं ते मिळालं.

सोमवारी चोर म्हटलं आणि मंगळवारपासून रतनसिंगला त्याचा अर्थ कळायला लागला. कुणी भांडलं नाही, कुणी तोंडावर बोललं नाही. गॅरेजला लागलेल्या दोन गाड्या ‘अर्जंट भाडं आलं’ म्हणून मालकांनी उघड्या इंजिनानिशी ओढून नेल्या. आणि ओमप्रकाश! हा ओमप्रकाश म्हणजे असा माणूस की बारा वर्षं गाडीची किल्ली खिळ्याला अडकवून निघून जायचा आणि संध्याकाळी येऊन घेऊन जायचा. काय केलं विचारायचासुद्धा नाही. तो बुधवारी आला आणि स्टूल ओढून समोर बसला.

‘‘काहून बसला?’’ रतनसिंगनं विचारलं.

‘‘काही न्हाई. टाइम हाय आज.’’

आणि बसल्या बसल्या रतनसिंगच्या हाताकडं बघत राहिला. पाना उचलला की डोळे पान्याबरोबर, नट काढून ताटलीत टाकला की डोळे ताटलीत. दोन तास बसला. कुणी कानफटात मारली असती तर रतनसिंगला परवडलं असतं. काम संपल्यावर त्यानं किल्ली ओमप्रकाशच्या हातावर आपटली आणि त्याच दुपारी सायकल काढून सरळ आपल्या तांड्यावर गेला, वसराम नाईकाकडं.

‘‘पंचायत बोलवा,’’ तो म्हणाला. ‘‘मी चोर असंल तर माझं तोंड काळं करा. नसंल तर ज्यानं म्हटलं त्यानं शब्द मागं घ्यावा.’’

वसराम नाईक तांड्याचे प्रमुख, वय सत्तरीचं. भांडण वाढण्यापेक्षा विझवलेलं बरं, असा त्यांचा स्वभाव. ‘‘घरातल्या घरात मिटवा रे,’’ ते म्हणाले. ‘‘जावई हाय.’’

‘‘घरात म्हटलं असतं तर घरात मिटवलं असतं!’’ रतनसिंग असा ओरडला की नाईकांची शेळी दावं तोडून पळाली.

रविवारी सकाळी तांड्यातल्या लिंबाखाली माणसं जमली. नाईक, चार पंच, म्हातारे-कोतारे. बायका पाठीमागं, पदर पुढं ओढून. त्यांच्यात रतनसिंगची आई, त्याची याडी, भिकाबाईही होती. रतनसिंग हिंगोलीला राहायचा आणि ती तांड्यावर धाकट्या लेकाजवळ, त्यामुळं महिन्यातून एखादवेळ गाठ पडायची. आज तिच्याशी बोलायलाही तो थांबला नाही. सतरंजीच्या कडेला मांडी घालून बसला आणि गुडघा हलवत राहिला. दाजींना नऊची वेळ दिली होती, साडेदहा झाले. चोर म्हणणाऱ्याला यायला सवड नाही, आणि चोर बिचारा आठपासून येऊन बसलेला!

मग जीपचा आवाज आला. रस्त्यावरून तांड्यात शिरायला एक बारकासा चढ आहे, बैलगाडीही सहज चढते असा. त्या चढावर जीप धापा टाकत होती. रतनसिंगचा गुडघा हलायचा थांबला. हा आवाज त्यानं गॅरेजला कधीच ऐकला नव्हता. इंजिनाला डिझेल मिळत होतं आणि हवा मिळत नव्हती, हे त्याला बसल्या जागी, डोळे मिटून कळलं असतं. तो उठून उभा राहिला. धुराचा लोट आला, आणि जीप वळण घेऊन समोर आली.

जीपच्या तोंडावर झूल बांधलेली होती.

खरीखुरी झूल. लाल-निळ्या कापडावर आरसे, कवड्या, शिशाचे मणी, कडेला गोंडे. दोन्ही दिव्यांच्या मधे, वरच्या जाळीपासून खालच्या बंपरपर्यंत, चहूबाजूंनी नाड्यांनी गच्च आवळलेली. रतनसिंगनं आठ दिवस मरमरून बसवलेल्या इंटरकूलरचा एक बोटभर भागही उघडा नव्हता. वाऱ्यासाठी बसवलेली जाळी, आणि तिच्यावर वारा लागू नये असा पक्का बंदोबस्त!

तो धावतच गेला. झुलीखाली हात घातला तर आतून ताडपत्रीचं अस्तर. चार पदरी शिवण. त्याला एका क्षणात सगळं उमगलं आणि इतक्या दिवसांचा सगळा संताप एकदम तोंडाशी आला.

‘‘हे कोण्या मूर्खानं बांधलं?’’ तो ओरडला. ‘‘कोण त्यो अकलेचा कांदा? कोण्या बिनडोक माणसाचं हे काम हाय, सांगा मला! माझी अब्रू गेली ह्या चिंध्यापायी! बोला की! कोण त्यो मूर्ख?’’

उत्तमसिंग गाडीतून उतरता उतरता तसाच थांबला. मागच्या सीटवर बसलेल्या मिराबाईनं तोंडावर पदर घेतला.

बायकांमधून भिकाबाई उठली.

‘‘मी,’’ ती म्हणाली.

रतनसिंगचा हात झुलीखालीच राहिला.

भिकाबाई पुढं आली. पंचायतीत बायांनी बोलायची रीत नव्हती, पण तिला बस म्हणायची तिथं कुणाची छाती झाली नाही. ‘‘मिरा मला म्हणाली, रतननं जाळी बसवली, चांदीसारखी चमकून राहिली. लोक वाटंत थांबून पाहून राहिले. मला वाटलं, माझ्या लेकराच्या हाताला दृष्ट लागंल. आपल्या घरी बैलांचा तांडा व्हता, तवा म्होरक्या बैलाला उघड्या तोंडानं कोनी रस्त्यावर काढलं न्हाई. मी पंधरा दिवस बसून शिवली. वाऱ्यानं आरसे तुटू नये म्हनून अस्तर लावलं.’’

आईवर ओरडावं, का दाजीवर, का स्वतःच्या चांगल्या कामावर? काम वाईट झालं असतं तर कुणी दृष्टीला भ्यायलं नसतं आणि झूलही आली नसती. तो दाजींकडं वळला, कारण ते सोपं होतं.

‘‘दाजी, गॅरेजला गाडी आनली तवा हे कुठं व्हतं?’’

‘‘काढून सीटखाली ठेवत व्हतो,’’ उत्तमसिंग म्हणाला. ‘‘मिरा म्हने, आईच्या हातची हाय, तेलाचे हात लागतील. गॅरेजच्या अलीकडं सोडायची आन् परत निघालो की बांधायची.’’

‘‘आन् नांदेडला?’’

‘‘तिथंबी.’’

रतनसिंगनं कपाळावर हात मारून घेतला. मग नाईकांकडं वळून म्हणाला, ‘‘ऐकलं? माझ्याकडं आली की उघडी, म्हनून बाण. यांच्याकडं गेली की झाकलेली, म्हनून बंद. आन् चोर मी!’’

वसराम नाईकांना बैलाचं कळत होतं, टर्बोचं नाही. ‘‘पन कपड्यानं काय व्हतंय रे?’’ त्यांनी विचारलं. ‘‘एवढं लोखंडाचं धूड, आन् हातभर कपडा.’’

‘‘नाईक, तुमी तोंडावर गोधडी दाबून ती टेकडी चढून दाखवा. मंग मी सांगतो काय व्हतंय.’’

एक-दोन म्हातारे हसले. नाईक हसले नाहीत. हा सगळा प्रकार आता गैरसमजावर घालून आटोपावा, असा विचार त्यांच्या चेहऱ्यावर दिसायला लागला होता, आणि एक पंच कुजबुजला की म्हातारीच्या भोळेपणापायी झालं म्हणा सगळं. ते भिकाबाईनं ऐकलं.

‘‘मूर्ख कोन ते मागून पाहू,’’ ती कडाडली. ‘‘आधी चोर कोन ते ठरवा!’’

मग जीप निघाली. नाईक पुढं बसले, पंच मधे, मागं भिकाबाई आणि बसतील तेवढे लोक कोंबले. रतनसिंगनं स्टेअरिंगला हात लावायला साफ नकार दिला. ‘‘दाजीच चालवतील. नंतर कोनी म्हनायला नको, रतनसिंगच्या हाताची जादू व्हती.’’ पहिल्यांदा झूल तशीच ठेवून औंढ्याचा चढ घेतला. अर्ध्यावर जीप हुं हुं करत दुसऱ्यावर आली, मग पहिल्यावर, तापमानाचा काटा लालमधे, मागं काळा धूर. रतनसिंगनं गाडी थांबवायला लावली, झूल सोडली, नीट घडी करून आईच्या मांडीवर ठेवली. अर्धा तास इंजिन गार होऊ दिलं. खाली नेऊन पुन्हा वळवली. तीच माणसं, तोच चढ, आणि चालवणारे तेच दाजी. जीप तिसऱ्या गिअरमधे गुणगुणत वर गेली आणि वर गेल्यावर अजून पळायला मागत होती. नाईकांनी दोन्ही हातांनी समोरचा दांडा धरला होता. ‘‘हळू रे,’’ ते म्हणाले, ‘‘कळलं मला.’’

तांड्यावर आल्यावर नाईकांनी हात झटकले. ‘‘मिटलं. कोनाचीच चूक न्हाई. गैरसमज झाला व्हता. गूळ आना रे, तोंड गोड करा.’’

‘‘कोनाचा गैरसमज?’’ रतनसिंग म्हणाला. ‘‘माझा तर काही गैरसमज झाला नव्हता! चोरी केली न्हाई, हे मला पहिल्या दिवसापासून बराबर ठाऊक व्हतं!’’

‘‘जाऊ दे ना आता, रतन,’’ उत्तमसिंग खाली बघत म्हणाला. ‘‘घरातलीच गोष्ट हाय. मी काय परका हाय का?’’

आता एवढं झाल्यावर हा माणूस ‘जाऊ दे’ म्हणतो! ओमप्रकाश दोन तास स्टुलावर बसला होता तो काय गुळाच्या खड्यानं उठणार होता? रतनसिंग काही बोलणार तोच भिकाबाई मधे आली.

‘‘जावई, तुमी आमच्या घरात म्हनले व्हते का?’’

‘‘न्हाई,’’ उत्तमसिंग म्हणाला.

‘‘कुठं म्हनले व्हते?’’

‘‘स्टँडवर.’’

‘‘मंग तिथंच चला. आन् तुमी सगळे,’’ ती झाडाखालच्या लोकांकडं वळली, ‘‘इथंच बसा. मी येईपर्यंत कोनी उठायचं न्हाई.’’

ते काहून बसायचं, हे विचारायची हिंमत नाईकांनाही झाली नाही. गुळाची परात मधे तशीच राहिली.

दाजी, रतनसिंग, भिकाबाई आणि मिराबाई असे चौघं स्टँडवर पोचले तेव्हा दुपारचा एक वाजला होता. ड्रायव्हर सावलीला बसले होते, ओमप्रकाश त्यांच्यातच. उत्तमसिंग उतरला, मिशीवरून हात फिरवला, आणि घशातल्या घशात काहीतरी बोलला. जवळ उभ्या असलेल्या पानवाल्यालासुद्धा ऐकू गेलं नाही.

‘‘मोठ्यानं म्हना, दाजी,’’ रतनसिंग म्हणाला. ‘‘त्या दिवशी मोठ्यानं म्हनले व्हते.’’

उत्तमसिंगनं एकदा सासूकडं बघितलं. मग पायदानावर चढला, टपाचा दांडा धरला आणि ओरडला. ‘‘रतनसिंगनं काही काढलं न्हाई! टर्बो माझाच हाय, इंटरकूलर झकास हाय! मी चोर म्हनलो त्यो माझा गाढवपना! सगळ्यांनी ऐका!’’

औंढ्याला जाणाऱ्या दोन बायका ते ऐकून घाईघाईनं जीपमधे चढून बसल्या, त्यांना मिराबाईनं उतरवलं. ओमप्रकाश उठला, रतनसिंगजवळ आला, खिशातली किल्ली काढून त्याच्या हातावर ठेवली. ‘‘ब्रेक पाहून घे उद्या,’’ म्हणाला, आणि दुसरीकडं बघत निघून गेला. रतनसिंगची छाती एवढी हलकी झाली की त्याला स्टँडवरच्या सगळ्यांना चहा पाजावासा वाटला. बावीस वर्षांचं नाव जागच्या जागी परत आलं होतं. त्यानं मोठ्या ऐटीत आईकडं बघितलं.

भिकाबाई जीपच्या दारात बसली होती, घडी मांडीवर.

‘‘झालं तुझं समाधान?’’ तिनं विचारलं.

‘‘झालं, याडी.’’

‘‘मंग बस गाडीत. तांड्यावर सगळे वाट पाहून राहिले. मला मूर्ख तू तिथं म्हनला व्हतास.’’

रतनसिंगचं तोंड उतरलं. ‘‘याडी, मला काय ठाऊक, तू शिवलीस म्हनून?’’

‘‘मंग जावयाला तरी काय ठाऊक व्हतं?’’

रतनसिंगनं दाजींकडं बघितलं. उत्तमसिंग हसला असता तर बरं झालं असतं, त्याच्यावर ओरडता आलं असतं. पण तो हसला नाही. त्यानं फक्त मागचं दार उघडून धरलं, आणि रतनसिंग गुपचूप आत जाऊन बसला.